उसात नाचवलेली काठी

चैत्र वद्य २, शके १८३०. कोडोली.

आजपासून लिहायचं ठरवलं. मी टपालवाला. दिवसभर दुसऱ्यांचं लिहिलेलं वाटत फिरतो, स्वतःचं म्हणून एक अक्षर लिहीत नाही. पण परवा जोतिबाच्या डोंगरावर जे घडलं ते कुठंतरी खरंखुरं नोंदून ठेवलं पाहिजे, कारण गावात ते रोज थोडं थोडं बदलत चाललंय. काल सकाळपर्यंत मी अडखळलो होतो. संध्याकाळपर्यंत सपशेल पडलो होतो. आज चावडीवर ऐकलं तर मी मुळात पेढे खायलाच तिकडं गेलो होतो.

खरं ते असं. आमच्या वरच्या गल्लीची सासनकाठी दर चैत्र पौर्णिमेला डोंगरावर जाते. घराच्या आढ्याच्या दुप्पट उंच कळकाचा बांबू, त्याला रंगीत कापड गुंडाळलेलं, शेंड्याला निशाण. बुडखा कमरेच्या शेल्यात टेकवायचा, दोन्ही हातांनी काठी उभी तोलायची आणि हलगीच्या तालावर देवळाभोवती नाचवायची. चारी बाजूंना चार दोर, चार गड्यांच्या हातात. आधी माझा बाप नाचवायचा, आता मी. परवा शिखरासमोर आलो आणि गुलालाचा लोट थेट तोंडावर आला. डोळे मिटले. काठी पुढं गेली आणि निशाणासकट एका पेढेवाल्याच्या मांडवावर आडवी झाली. लागलं कुणाला नाही. पेढ्यांचं मात्र सांगण्यासारखं काही उरलं नाही.

काठी जमिनीला टेकणं वाईट. पण ती जमिनीला टेकलीच नाही, मांडवाला टेकली, हे माझं म्हणणं. आज पंचांपुढं हंबीरराव पाटलांनी विचारलं, "मांडव कशाव हुबा हुता?"

"जिमिनीव."

"मग काठी कशाव टेकली?"

"असं असंल तर मी रोज बाजल्याव निजतो, ते जिमिनीवच निजतो म्हना की," मी म्हणालो.

लोक हसले, पण निकाल लागायचा तो लागलाच. पुढच्या चैत्राला एक संधी. पुन्हा तोल गेला तर काठी खालच्या गल्लीकडं, कायमची.

आणि दोष माझा नाहीच. पुढचा दोर गुंडूकडं होता. गुंडू म्हणजे माझ्या बायकोचा, तानीचा भाऊ. त्यानं दोर वेळेआधी ओढला. तो चारचौघांत म्हणतो, दाजींचा पाय सुटला. मी पाटलांना सांगून आलो, पुढच्या वर्षी दोराला गुंडू नको. ते म्हणाले, "बगू." गुंडूशी माझं बोलणं आजपासून बंद. तानीलाही बजावलं, माहेरी खुशाल जा, पण या घरातली गोष्ट त्या घरात जाता कामा नये. ती म्हणाली, "व्हय." माहेर दोन घरं सोडून आहे.

वैशाख शुद्ध ९

रात्रंदिवस एकच विचार. काठी वर्षभर देवळाच्या आढ्याला बांधून पडते आणि तिला नाचवणारेही पडूनच असतात. पाडव्याच्या आधी पंधरा दिवस चार उड्या मारायच्या, झाला सराव! शेतकरी पेरणीच्या आदल्या दिवशी नांगर शोधत नाही. मग मी का शोधावा? यंदा दोन यात्रांच्या मधले हे सगळे मोकळे महिने पायांवर खर्च करायचे. पाय घट्ट, कंबर सैल, मान ताठ. बाप एवढंच सांगायचा, आणि मी तेवढंच ऐकत नव्हतो.

कुणाला कळू द्यायचं नाही. पुन्हा फजिती झालीच तर वर्षभर तयारी करून पडला म्हणतील, ते सोसणार नाही. फक्त तानीला सांगितलंय.

वैशाख वद्य २

सुरुवात झाली. मनीऑर्डरीवर अंगठा घेईपर्यंत एका पायावर उभं राहायचं. दारादारात पाय बदलायचा. शिवारातून जाताना वाट सोडून बांधावरून चालायचं, पाऊल पावलापुढं, टाच अंगठ्याला लावून.

दिलदार पिंजाऱ्याच्या दारात मात्र पंचाईत झाली. दिलदारभाई वर्षभर कापूस पिंजतो आणि पाडव्याला आमच्या काठीला कापड गुंडाळतो. त्याच्या आज्यापासूनचा मान तो. त्यानं कमान खाली ठेवली आणि माझ्या पायाकडं बघून विचारलं, "सयाजीराव, काटा भरलाय काय?"

"व्हय, जरा बाभळीचा," मी म्हणालो.

"हा काटा मागल्या म्हैन्यात डोंगरावच भरला न्हवं?" म्हणून तो कापसाकडं वळला. चांगला माणूस आहे, पण त्याला काही कळत नाही.

ज्येष्ठ शुद्ध ५

काल कोल्हापूरला टपाल कचेरीत नवा डगला घ्यायला गेलो होतो. तिथून साठमारीच्या आगडाकडं, हत्ती खेळवतात त्या रिंगणाकडं, गेलो. महाराजांचे हत्ती आणि त्यांना हुलकावण्या देणारी माणसं! एक साठमार मोकळ्या आवारात नुसताच पळून दाखवत होता. पळता पळता असा वळायचा की धोतराचा सोगा आधी वळला की माणूस, ते समजत नव्हतं. मी विचारलं, पावणं, एवढी चपळाई येते कशी? तो म्हणाला, "हत्ती लागला मागं की येती."

हत्ती कुठून आणू? आज घरच्या म्हशीला डिवचून पाहिलं. पहिल्या दोन हुलकावण्या झकास जमल्या. तिसरीला म्हशीनं हुलकावणी दिली. शेणाचा ढीग मऊ असतो, एवढं समजलं. तानी पदर तोंडात कोंबून आत पळाली ती बराच वेळ बाहेर आली नाही. मग ताकाची लोटी घेऊन माहेरी गेली. तिकडून कुणाचं तरी खो खो हसणं ऐकू आलं. गुंडूला हसायला कारण लागत नाही.

आषाढ वद्य १

आज घसरलो. भाताच्या खाचरातला बांध, वर शेवाळ, आणि मी टाच अंगठ्याला लावून चाललेला. कमरेपर्यंत चिखलात गेलो, पण थैली डोक्यावर धरली. टपाल एक थेंब भिजलं नाही, हे इथं नमूद करतो. लावणीच्या बायकांनी हातातली रोपं टाकून टाळ्या पिटल्या. एक म्हातारी म्हणाली, "लेका, उजवा पाय लई लवकर उचालतोस." तिला काय कळतंय त्यातलं? ती सहज बोलली असणार.

आषाढ वद्य ४

चमत्कार म्हणावा असा प्रकार. तोच बांध, वर सारखा पाऊस, पण आज टणक. कुणी मुरूम ठोकून बसवावा तसा. ओढ्यातही तसंच. पूर ओसरला तर पात्रात दगड असे ओळीनं उभे राहिलेत की एकावरून दुसऱ्यावर उडी मारायला नेमकं अंतर. मी लगेच उड्या मारत पलीकडं गेलो, परत आलो, पुन्हा गेलो. पुराच्या पाण्याला असं काम करताना मी कधी पाहिलं नव्हतं. जोतिबाच्या मनात आहे म्हणायचं. डोंगराकडं तोंड करून नमस्कार केला.

श्रावण शुद्ध १३

तानी रोज संध्याकाळी विचारते, आज कुठल्या पायावर जास्त उभं राहिला? तोल कुठल्या बाजूला गेला? तिला एवढी गोडी असेल असं वाटलं नव्हतं. मी सविस्तर सांगतो, ती भाकरी थापता थापता ऐकते, आणि पहिली भाकरी तव्यावरून उतरली की फडक्यात बांधून आईला देऊन येते. आईवर माया आहे तिची.

आज म्हणाली, "थैली खाली ठिवून चाला की एकदा. सदानकदा डाव्या खांद्याला घिऊन चालतायसा. यात्रंत काय थैली घिऊन नाचनार हाय?"

मी सांगितलं, सरकारी थैली वाटेत खाली ठेवता येत नाही. शिवाय वजन घेऊन तोल साधला तर वजनाशिवाय आपोआप साधणार. साधा हिशेब आहे. ती म्हणाली, "तुमी म्हंताय तर असंल." बायकांना हिशेब पटवावा लागतो.

भाद्रपद वद्य ७

नुसत्या पायांनी भागणार नव्हतं, कळक हवा होता. मलकापूरच्या बाजूला चांगली बेटं आहेत. तिकडून गाडीवाल्याच्या गाडीत वैरणीखाली घालून आणला. वैरण गाडीभर आणि कळक गाडीच्या पुढंही बैलांच्या शिंगांवरून आलेला आणि मागंही तेवढाच. कुणी विचारलं तर गोठ्याला आडं घालायचंय सांगायचं, असं ठरवून आलो होतो. भर बाजारातून गाडी आली, चावडीसमोरून गेली, पण एकानंही विचारलं नाही. पाटील तर गाडी बघून मुद्दाम पाठमोरे झाले. त्यांचा माझ्यावरचा राग अजून गेला नाही, हे त्यावरून कळलं.

आश्विन शुद्ध ११

जागा सापडली! आमच्या मळ्यातला ऊस पुरुषाच्या डोक्यावर गेलाय. मधोमध थोडी जागा रिकामी आहे, तिथं बी उगवलंच नव्हतं. चारी बाजूंनी उसाची भिंत. रोज टपाल वाटायला निघालो की थैलीसकट आधी तिथं जातो, शेला कसतो आणि कळक उभा करतो. शेंड्याला तानीच्या जुन्या लाल लुगड्याचा तुकडा बांधलाय, निशाण कसं हलतं ते बघायला. काठी उंच नेतो, नाचवतो, गिरकी घेतो. मला एक माणूस दिसत नाही, म्हणजे मीही कुणाला दिसत नाही. या गावात एवढी एकांताची जागा दुसरी नसेल.

आश्विन वद्य ५

काल मिरजेकडून गाडीच आली नाही, त्यामुळं टपाल नव्हतं आणि थैलीही नव्हती. मोकळ्या खांद्यानं उसात गेलो. काही केल्या कळक सरळ राहीना. वारा असावा, जरी पानं हलत नव्हती.

आज दिलदारभाई म्हणाला, "काल तुमच्या उसावर एक लाल पाखरू बगितलं. लई उंच उडत हुतं. पर सारखं उजव्या अंगाला कलत हुतं बिचारं."

"घार असंल," मी म्हणालो.

"असंल की. घारीचा पंख दुकत असंल." आणि मग जरा थांबून म्हणाला, "रोज उडनारी घार बरी हुती. कालचीच तेवडी कलती." डोळ्यांनी कमी दिसायला लागलंय त्याला. लाल घार कुणी पाहिलीय?

कार्तिक शुद्ध ८

एक कटकट सुरू झालीय. आमच्या उसाला लागून गुंडूचा जोंधळा आहे. कणसं भरलीत म्हणून त्यानं राखणीचा माळा बांधलाय. चार उंच मेढी, वर बसायला फळ्या. वर गुंडू आणि दोराचे बाकीचे तिघं बसलेले असतात. माळ्यावरून शिवारात चारी दिशांना दोर बांधलेत आणि दोरांच्या टोकांना डबे. पाखरं आली की दोर ओढायचा, डबा खडखडतो. मी उसात कळक पुढं झुकवला की नेमका मागचा डबा वाजतो. डावीकडं नेला की उजवीकडचा. पाखरंसुद्धा माझ्या वेळेलाच येतात. पहिल्यांदा चिडलो, पण आता त्या खडखडाटाचा ताल पायात बसलाय, हलगीशिवाय नाचायला बरं पडतं. शत्रूकडूनही असा उपयोग करून घेता आला पाहिजे.

मार्गशीर्ष वद्य २

गुंडूचा जोंधळा काढून, मळून, कणगीत गेला. माळा मात्र तसाच उभा आणि चौघंही वर बसलेले. दोर ओढतायत, डबे वाजवतायत. राखायला खाली नुसती सडं राहिलीत. या गड्यांना कामधंदा म्हणून नाही. आणि अशा लोकांच्या हातात मी काठीचे दोर देत होतो!

पौष शुद्ध १०

उघड्या डोळ्यांनी आता माझा तोल हलत नाही. साठमार येऊ दे नाहीतर हत्ती. तानीला ओसरीत एका पायावर गिरकी घेऊन दाखवली. तिनं बघितलं आणि नुसती म्हणाली, "डोळं मिटा."

मिटले. दुसऱ्या क्षणाला मी तुळशीवृंदावनाला मिठी मारून उभा होतो.

"मी नदीवनं पानी आनतो," ती म्हणाली, "डोक्याव दोन घागरी, काखंत एक. मला पाय दिसत्यात व्हय? मागल्या वर्सी डोंगरावर तुमचं डोळं गुलालानं गेलं. पाय गेलं न्हवतं. तुमी डोळ्यांनी चालतायसा, ह्योच घोळ हाय."

मी वृंदावनाची मिठी सोडली. मग सांगितलं, मीही हेच म्हणणार होतो.

माघ वद्य १

ऊस तुटला, गुऱ्हाळाला गेला. आडोसाही गेला. आता टपालाला निघता निघता परसात, गोठ्यामागं सराव, थैली खांद्याला तशीच. डोळ्यांना फडकं बांधून कळक उभा करतो आणि तानी समोरून सुपातला कोंडा मुठीमुठीनं तोंडावर मारते, गुलाल म्हणून. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण तिला एवढ्या मनापासून कुठलंच काम करताना पाहिलं नव्हतं. प्रत्येक मुठीला काहीतरी बोलते. "ही आईला वंगाळ बोलल्याबद्दल! ही दिवाळीला न्हाय नेल्याबद्दल!" मी शिंकत, खोकत, हसत नाचतो. कोंडा नाकात, कानात, मिशीत. आणि कळक उभा राहतो! आज पहिल्यांदा डोळे बांधलेले असताना परसाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलो. दोघंही कोंड्यानं पांढरे झालो होतो. तिनं माझी मिशी झटकली आणि मी तिचा पदर. फार बरं वाटलं. हे असलं लिहायचं नसतं, पण लिहिलं.

फाल्गुन पौर्णिमा, शिमगा

आज खरं लिहितो. भीती वाटते. परसात तोल राहतो, पण तिथं दोर नसतात, गर्दी नसते, बापाचं नाव नसतं. पुन्हा काठी गेली तर बापाचा शेला मी खालच्या गल्लीच्या हातात देणार. त्याच्या शेवटच्या आजारात त्यानं दुसरं काही मागितलं नव्हतं, एवढंच म्हणाला होता की काठी घरात ऱ्हाऊ दे.

आणि गुंडू. दर शिमग्याला आम्ही दोघं मिळून होळीसाठी एरंड तोडून आणायचो. आज तो एकटाच ओढत चालला होता. मला बघून थांबला आणि म्हणाला, "दाजी." मी थैलीत काहीतरी शोधायला लागलो. थैली रिकामी होती. तो वळणाआड जाईपर्यंत मी तीच थैली चाचपत राहिलो. त्याच्यावरचा राग खरा आहे, पण त्याच्याशिवाय शिमगा अळणी झाला हेही खरं आहे.

चैत्र शुद्ध १, शके १८३१. पाडवा.

काठी उतरवली. दिलदारभाईनं कापड गुंडाळलं, गाठी मारल्या, आणि माझ्या खांद्यांवर दोन्ही हात ठेवून उगीच दाबून बघितले, उजवा आणि मग डावा. पाटलांनी दोरकऱ्यांची नावं सांगितली. डाव्या दोराला गुंडू!

मी उभ्या उभ्या पेटलो. "पाटील, मी सांगितलं हुतं, गुंडू नको म्हनून!"

"तू म्हनालास, फुडच्या दोराला नको," पाटील म्हणाले. "ह्यो डावा हाय."

"म्हंजे माज्या सांगन्याला काय किंमत हाय का न्हाय?"

"हाय की. म्हनून तर फुडनं काडला त्येला."

गुंडू जमिनीकडं बघत उभा होता. मी शेला फेकून घरी निघून आलो. तानीनं तो मागाहून आणला, झटकला आणि घडी घालून माझ्यापुढं ठेवला. "तुमी काठी बगा," म्हणाली, "दोर बगनारं दोर बगतील." सगळं गाव माझ्या विरुद्ध झालंय, घरातलं माणूससुद्धा. तरी जाणार. बापासाठी जाणार.

चैत्र वद्य १

काल पौर्णिमा झाली. हात अजून गुलाबी आहेत, कागदालाही लागतोय. लागू दे.

पहाटे निघालो. हलगी, पिपाणी, चांगभलंचा गजर. चढणीला काठी आडवी घेऊन, डोंगरावर पोचल्यावर उभी केली. देवळासमोर आलो तर मागल्या वर्षीच्या पेढेवाल्यानं मला ओळखलं. त्यानं माणसांना खूण केली आणि सगळ्यांनी मिळून भरल्या ताटांसकट मांडवच उचलून पार भिंतीपर्यंत नेला. आजूबाजूचे लोक पोट धरून हसले. मला राग यायला हवा होता, पण मीही हसलो, आणि हसल्यामुळं कंबर सैल झाली.

नाचायला लागलो. पाय आपले आपण चालत होते. शेवाळलेल्या बांधावर चालत होते, ओढ्यातल्या दगडांवर चालत होते. मग शिखरासमोर आलो आणि तो लोट आला. गुलाल, खोबरं, पुन्हा गुलाल. डोळे गेले. मनात म्हणालो, कोंडा आहे, तानी मारतेय. पाय सुटले नाहीत. पण काठी! काठी हळूहळू उजवीकडं कलायला लागली. का, ते कळेना. उसातही त्या एका दिवशी असंच झालं होतं. मी कमरेनं सावरायला बघतोय, ती ऐकत नाही. उजव्या अंगाला लोकांचा कालवा वाढला. वाटलं, गेली. बापाची काठी गेली.

आणि डाव्या दोराला ओढ आली. मी ओरडण्याच्या आधी, काठी खरी झुकण्याच्या आधी. घाईची नव्हती ती ओढ, हिसका नव्हता. लहान पोराचं बोट धरावं तेवढीच. काठी सरळ झाली. दोन पावलं गेली की पुन्हा उजवीकडं, पुन्हा तीच ओढ, नेमकी तेवढीच. मग मी सावरणं सोडून दिलं आणि नुसता नाचलो. पुढं झुकलो की मागचा दोर ताठ, मागं आलो की पुढचा. आंधळ्यासारखा देवळाला वळसा घातला आणि मला एकदाही वाटलं नाही की मी एकटा आहे. असा नाच मी आयुष्यात नाचलो नव्हतो. लोक चांगभलं ओरडत होते आणि मी गुलालाच्या आत मोठ्यानं रडत होतो, आनंदानं, ते कुणाला दिसलं नाही.

काठी गड्यांच्या खांद्यांवर आडवी देऊन डोळे पुसले तेव्हा समोर पाटील. म्हणाले, "मांडवालाबी टेकली न्हाय." आणि स्वतःच्या डोक्यावरचा फेटा उतरवून माझ्या डोक्यावर ठेवला.

मी डावीकडं वळलो. गुंडूचे तळहात दोरानं सोलून निघाले होते. वर्षभर न बोललेलं सगळं तोंडाशी आलं, पण बाहेर भलतंच पडलं. मी विचारलं, "उजवीकडं कलनार, ह्ये तुला आदीच कसं कळलं रं?"

तो माझ्या डाव्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "दाजी, आज हितं थैली न्हाय न्हवं."

मी त्याला मिठी मारली. मागल्या वर्षी पाय माझाच सुटला होता, असं त्याच्या कानात सांगितलं. तो म्हणाला, "आनि दोरबी मी जरा आदीच वडला हुता." मग आम्ही दोघांनी त्या पेढेवाल्याकडचे पेढे खाल्ले. त्यानं ते भिंतीपाशी उभं राहूनच दिले.

चैत्र वद्य ४

थैली आजपासून एक दिवस डाव्या, एक दिवस उजव्या खांद्यावर.

काल रात्री गुंडू जेवायला होता, दिलदारभाईही होता. तांबड्या रश्श्यावर गप्पा रंगल्या. गुंडू माझ्या खांद्याबद्दल जे बोलला त्यावर मी नंतर बराच विचार केला. उत्तर सोपं आहे. थैली मी डाव्या खांद्याला घेतो हे साऱ्या गावाला रोज दिसतं, त्यावरून त्यानं ताडलं. मेव्हणा हुशार निघाला. जेवताना मी सहज म्हणालो, यंदा सराव असा कमीच झाला, सगळी देवाची कृपा. त्यावर दिलदारभाईला एवढा जोराचा ठसका लागला की तानीला पाणी घेऊन धावावं लागलं. रस्सा जरा तिखट झाला होता.

आज बांधावरून जाताना जिकडून तिकडून चांगभलं ऐकू येत होतं. शिवारभर माणसं कामं टाकून हात वर करत होती. ओढ्यातले दगड थोडे हलले होते, ते परत जाग्यावर आलेत. यंदा पूर यायला अजून अवकाश आहे, पण असो.

पुढच्या वर्षी काठी तळहातावर तोलून दाखवायचा विचार आहे. सराव आतापासूनच सुरू करणार, पण यंदासारखाच, अगदी गुपचूप. कुणाला पत्ता लागू द्यायचा नाही. फक्त तानीला सांगितलंय. ती "व्हय" म्हणाली आणि ताकाची लोटी घेऊन माहेरी गेली.